दोन दृश्यांच्या नटाची वेबसाइट

शोभाताई गेल्याचा फोन आला तेव्हा मी बारडोलीला भाचीच्या डोहाळजेवणाला गेले होते. "ताई गेली... झोपेतच," एवढंच हे बोलले. परतीच्या बसमध्ये डोळे पुसता पुसता एकच विचार मनात घोळत राहिला, आता हिरव्यांना कोण सांगणार?

शोभाताई माझी थोरली नणंद. लिंबायतच्या मराठी शाळेत तिनं जन्मभर शिकवलं, लग्न केलं नाही, आणि आमच्याच घराच्या माडीवर राहिली. मधुकर हिरवे हे तिचं वेड. हा नट कधीच नायक झाला नाही. मुलीचा बाप, फौजदार, नाडी बघायला आलेला डॉक्टर... दोन दृश्यांपुरता यायचा आणि जायचा. निवृत्तीनंतर ताई कॉम्प्युटर शिकली तीही त्यांच्यासाठीच. पर्वत पाटिया भागातल्या क्लासमध्ये कॉलेजच्या पोरांशेजारी बसायची. वर्ष सरायच्या आत तिनं हिरव्यांच्या नावाची वेबसाइट उभी केली. ते कोणत्या सिनेमात केव्हा येतात, काय बोलतात, सगळं तिथे. इतके देखणे नायक सोडून हेच का, असं मी एकदा विचारलं. ताई घरात अहिराणीच बोलायची. म्हणाली, "नायकले समदा दखतस. यासले कोन दखी?" यांच्याकडे कोण बघणार, असं तिचं म्हणणं.

एका सकाळी मोबाइलवर बातमी फिरली, हिरवे गेले. वेबसाइटवर श्रद्धांजल्यांचा नुसता पाऊस. फोटोला काळी चौकट लाव, असं आमच्या यांनी सुचवलं. ताई ऐकेना. खात्री केल्याशिवाय मी कुणाला मारणार नाही, म्हणाली. हिरव्यांच्या मुलीनं पूर्वी एकदा वेबसाइट पाहून आभार मानले होते, तिनं दिलेला घरचा नंबर ताईकडे होता. ताईनं स्पीकर लावून फोन केला, आणि तो उचलला खुद्द हिरव्यांनी. गडबडून ताईनं तब्येत विचारली. तब्येत उत्तम होती, ते पोहे खात होते. त्याच नावाचे दुसरे कुणी गृहस्थ वारले होते.

लोकांनी काय लिहिलंय ते वाचून दाखवा, असा मग त्यांनी आग्रहच धरला. वर्गात धडा वाचावा तशा ताईनं सगळ्या श्रद्धांजल्या वाचल्या. मी जिन्यात उभी राहून हसू दाबत होते. सगळं वाचून झालं. मग ते म्हणाले, "बाई, हे पुसू नका. माझं काम इतक्यांनी पाहिलंय, हे मला आज कळलं."

ताईनं ते पान तसंच ठेवलं. वर फक्त एक ओळ घातली, की हिरवे सुखरूप आहेत आणि त्यांनी हे सारं ऐकलं आहे. तेव्हापासून दर रविवारी त्यांचा फोन येऊ लागला. ताई त्यांना सिनेमातल्या चुकाही सांगायची. फौजदार जिना चढताना टोपी असायची, वर पोचेपर्यंत ती नाहीशी. ते खळखळून हसायचे. दोघं एकदाही भेटले नाहीत. समोर आले तर माझी बोबडी वळेल, असं ताई म्हणायची.

हिरव्यांना शेवटी मीच कळवलं. ते म्हणाले, "माझी श्रद्धांजली त्यांनी मला वाचून दाखवली. त्यांची आता मी सांगतो, तुम्ही लिहून घ्या." मी लिहून घेतलं, आणि क्लासमधल्या तिच्या एका मैत्रिणीच्या मदतीनं वेबसाइटवर लावलं. तोवर वेबसाइट बंद करायची असं आमच्या घरात जवळजवळ ठरलं होतं. त्या दिवशी फोन ठेवण्याआधी त्यांनी विचारलं, मी त्यांचे किती सिनेमे पाहिलेत. एक, मी खरं ते सांगितलं. "मग तुम्हाला भरपूर काम आहे," ते म्हणाले.

सध्या दुपारची कामं आटोपली की मी माडीवर जाते. खाली कापड विणणाऱ्या लूमची खटखट चालू असते, ताईच्या खुर्चीवरची उशी तिच्या बसण्यानं मधोमध दबलेली आहे. मी त्या उशीवरच बसून हिरव्यांचा सिनेमा लावते. हिरवे पडद्यावर आले की ताई खोलीत कुणी असो वा नसो, मोठ्यानं "आले" म्हणायची. काल ते डॉक्टरची बॅग घेऊन दारातून आत शिरले, आणि माझ्या तोंडून आपसूक निघालं, "आले."