किल्लीवाल्याचं सहा लिव्हरचं कुलूप

खालचा किल्लीवाला आपल्या शहाऐंशी वर्षांच्या बापाला घरात कोंडून ठेवतो, असं सगळ्या इमारतीत बोललं जातं. दुसऱ्या मजल्यावरच्या निवृत्त मास्तरीणबाई तर नाकातून, एकेका शब्दाखाली रेघ मारल्यासारखं सांगतात, "पोटचा मुलगा आहे हो. तुरुंगात निदान फिरायला तरी सोडतात."

अर्धंच खरं. किल्लीवाला बापाला कोंडायचा, पण बाप कोंडलेला राहायचा नाही. चाळीस वर्षं ते दुकान त्यानेच चालवलं होतं. मुलगा जिना उतरून शटर वर करतो न करतो तोच म्हातारा छत्रीच्या काडीने लॅच उघडून मागोमाग हजर. आल्या आल्या गिऱ्हाइकाला विचारायचा, ह्याच्याकडून किल्ली करून घेताय, मग दार तोडणाराही बघून ठेवलाय ना?

किल्लीवालाही काही कमी नाही. वय एकसष्ट, गुडघे कुरकुरतात, नाकावर एक चष्मा आणि कपाळावर दुसरा. कानस न थांबवता म्हणायचा, तुमच्याकडूनच शिकलो, म्हणून तर ही गत. दोघांच्या तोंडून एकमेकांसाठी गोड शब्द कुणी ऐकलेला नाही.

इथवर ठीक होतं. मग म्हातारा दुकानाकडे न वळता सरळ चौकात जाऊ लागला. एकदा धावत्या बसला आडवा जाऊन ड्रायव्हरला विचारत होता, शाळा सुटली का, पोराला न्यायला आलोय. पोरगा मागून धापा टाकत येत होता. चाक आणि चप्पल यांत वीतभर अंतर उरलं होतं.

त्याच संध्याकाळी किल्लीवाल्याने दाराला आतूनही किल्ली लागणारं सहा लिव्हरचं कुलूप बसवलं. खाचा स्वतः कापल्या, तार फसावी म्हणून एक खोटी खाचही ठेवली. मग दर अर्ध्या तासाने जिना चढून दाराबाहेर कान देऊन उभा. दोन दिवस आत तार खरखरत होती आणि शिव्या चालल्या होत्या, असल्या कुलपांचा बाप आहे मी, वगैरे. किल्लीवाला बाहेर गालात हसायचा. आयुष्यात पहिल्यांदा तो जिंकत होता.

तिसऱ्या दिवशी आवाज नाही. त्याने दार उघडलं. म्हातारा स्टुलावर बसला होता, तार डाव्या हातात, उलटी धरलेली. "हे कुठून आत घालायचं असतं?" त्याने विचारलं. शिवी न देता.

"जन्मभर माझ्या डोक्यावर मिरे वाटलेत," किल्लीवाला ओरडला, "आणि आता मला विचारता?" त्याने स्क्रू काढून ते कुलूप उतरवलं आणि भंगारात टाकलं.

दुसऱ्या दिवसापासून म्हातारा दुकानात, टेबल आणि भिंतीच्या मध्ये; बाहेर पडायचं तर मुलाच्या गुडघ्यांवरून. खणातून एक पत्र्याची डबी निघाली. किल्लीवाला सहा वर्षांचा असताना बापाने तिच्यात पेपरमिंटची गोळी ठेवून कुलूप लावलं होतं आणि वर बजावलं होतं, उघडलं तर खा, नाहीतर रड. पोरगा चार दिवस रडला. पाचव्या दिवशी कुलूप उघडलं, तेव्हा ते दाखवायला बापाने शेजारचे सगळे दुकानदार हाताला धरून आणले होते. म्हातारा हे आजही कबूल करत नाही.

किल्लीवाल्याने डबीत गोळी टाकली, कुलूप लावलं आणि डबी बापापुढे आदळली. इमारतीतल्या सगळ्यांच्या नकला करणारी मी शेजारी उभी होते. आजोबांना हे आता जमायचं नाही, म्हणून पैज लावली.

"हरलीस तर महिनाभर माझी नक्कल बंद," किल्लीवाले काका मान वर न करता म्हणाले.

दुपारभर म्हाताऱ्याने त्या कुलपाचा, मुलाचा आणि माझा उद्धार केला. शटर खाली ओढायच्या सुमाराला खट्ट वाजलं. गोळी थेट त्याच्या गालात गेली. काकांनी गुपचूप हात पुढे केला.

"तुला कशाला?" म्हातारा म्हणाला. "तू उघडलंस?"

तेव्हापासून काकांची नक्कल बंद आहे. मास्तरीणबाई पैजेत नव्हत्या.