मेलबर्नला मुऱ्हाळी

दिपमाला सोनगीरहून भडगावला सून होऊन आली त्याला तीस वर्षं झाली, तरी घरातलं कुणी प्रवासाला निघालं की तिचा जीव आजही थाऱ्यावर राहत नाही. नवरा प्रेमराज बियाण्यांच्या खरेदीला जळगावला गेला, की पाचोरा आलं का, वावडदा गेलं का, असे तिचे फोन सुरू. दुकानातली माणसं म्हणतात, "वहिनींना रस्ता पाठ, पण भरवसा एकाही रस्त्यावर नाही."

अशात मेलबर्नहून लेकीचा, ज्योत्स्नाचा फोन आला. तिला सातवा लागत होता. जावयाची रात्रपाळी, घरात दुसरं कुणी नाही. बाळंतपणाला तिला भडगावलाच यायचं होतं. डॉक्टर हो म्हणाले होते, मात्र हा महिना उलटायच्या आत.

त्या दिवसापासून दिपमालाच्या हातातून मोबाइल सुटेना. मेलबर्न ते मुंबई, जवळपास दहा हजार किलोमीटर. सरळ विमानाला साडेबारा तास; पण त्यात जागा नव्हती. सिंगापूरला उतरून दुसरं धरायचं, म्हणजे सतरा. पुढे मुंबईहून भडगाव, आणखी आठ. वरणाला फोडणी देतादेता ती बेरीज करायची, आणि उत्तर दर वेळी वाढायचं. पाय सुजले तर? सिंगापूरला चक्कर आली तर? पाणी कोण देईल?

"अगं, विमानात पाणी देतात," प्रेमराज म्हणाला.

"मागितल्यावर देतात. ती मागणार आहे का? मी ओळखते तिला."

पलंगावरून सासू ताईबाई म्हणाल्या, "पोर एकलीच कशी येई? लेवाले कोन जाई? बिगर मुऱ्हाईनं पोर कोन धाडी?"

मुऱ्हाई, म्हणजे मुऱ्हाळी, लेकीला सासरहून आणायला जाणारा माहेरचा माणूस. प्रेमराज हसला. "माय, मेलबर्नले मुऱ्हाई?"

"मंग? दूर शे म्हनीसन काय झायं?"

दिपमाला हसली नाही. पेरणी तोंडावर आलेली, प्रेमराजला दुकान सोडता येणार नव्हतं. ज्योत्स्नाला भाऊ नाही. दिपमालाचा व्हिसा मात्र गेल्या दिवाळीतच आला होता. जायचा धीर तेवढा झाला नव्हता. दुपारभर तिने घरात येरझाऱ्या घातल्या. मग फोन लावला.

"तुझं तिकीट काढू नकोस. म्हणजे काढ, पण दोन काढ. तुला आणायला मी येते."

"आई, तू? धुळ्याला जाताना ड्रायव्हरला दोनदा गाडी थांबवायला लावतेस!"

"विमानात तो हाताशी नसतो, तेच बरं. सिंगापूरला तू नुसती बसून राहा. धावपळ मी करीन."

पलीकडे हसू, मग नाक ओढल्याचा आवाज. "ये ना गं," ज्योत्स्ना एवढंच म्हणाली.

फोन ठेवल्यावर प्रेमराजने हळूच विचारलं, "येताना दोघी असाल. पण जाताना तू एकटी..."

"जाताना माझ्या पोटात कुणी नाही," ती म्हणाली. आणि सिंगापूरला सामान आपण उचलायचं की तेच पुढे धाडतात, हे बघायला तिने पुन्हा मोबाइल उघडला.