दाराबाहेर बसलेली माणसं

सुधाताई आमच्या शेजारी राहायला आली तेव्हा मी माझ्या नवऱ्याला, इसहाकला म्हटलं होतं, ही बाई इथं फार दिवस टिकायची नाही. तिचा नवरा नुकताच गेलेला, हाताशी लहान पोर, आणि स्वभाव असा की कुणी सलाम केला तरी दचकायची. जेद्दात अशी माणसं दोन वर्षांत सामान बांधतात. माझा अंदाज साफ चुकला. सतरा वर्षं झाली, ती अजून आमच्या भिंतीपलीकडे राहते. दचकते मात्र अजूनही.

ती नगरकडची, ख्रिस्ती. वडील मिशनच्या शाळेत मास्तर होते. इथं एका खासगी हॉस्पिटलात ती आयसीयूची नर्स आहे. आम्ही रत्नागिरीकडचे, कोकणी मुसलमान. अल अझीझिया भागात इसहाकचं किराण्याचं दुकान आहे. सुधाताई ड्युटीवर असली की तिचा सुशांत शाळेतून सरळ माझ्याकडे यायचा, दप्तर भिरकावून तांदळाची भाकरी मागायचा. मला तो चाची म्हणतो. माझ्या पोरांपेक्षा त्यानंच माझं जास्त ऐकलं, हे मी माझ्या पोरांसमोरही बोलते.

इथं सौदीत चर्चला परवानगी नाही. सुधाताईची माणसं शुक्रवारी सुट्टीला कुणाच्या तरी फ्लॅटवर जमतात. त्यात केरळच्या नर्सा असतात, फिलिपिनो असतात, एक इथिओपियन बाई असते. कुणी कॅथलिक, कुणी मारथोमा, कुणी आणखी कसले, मला सगळी नावं येत नाहीत. गाणी म्हणतात तीही इतकी हळू, की डास घोंघावतोय असं वाटावं. मी एकदा तिला विचारलं, तुमच्यात एवढे पंथ, मग एका हॉलमध्ये पटतं कसं?

"जागाच एक आहे ना भाभी, भांडायचं कुठं?" ती म्हणाली. "आमच्या गावाकडे कॅथलिकांच्या लग्नात आम्ही फक्त जेवायला जायचो, प्रार्थनेला नाही. इथं आमची कॅथलिक मॅरिव्हिक माझ्यासाठी मेणबत्ती लावते आणि मला ते आवडतं."

"मग आमच्या गावचे दोन मोहल्ले पाठवते तुझ्याकडे," मी म्हटलं. "चंद्र दिसला की नाही यावरून अजून वेगळी ईद करतात."

ती खूप हसली होती. पण फोनवर यातलं एक अक्षर ती लिहीत नाही. येशूचं नाव नाही, चर्च नाही, प्रार्थना हा शब्दही नाही. ‘आठवण ठेवा’ एवढंच लिहिते. आता दिवस बदललेत, कुणी इतकं बघत नाही, असं इसहाकसुद्धा तिला सांगतो. पण भीती अंगात मुरली की लोणच्यासारखी मुरते, ती धुऊन जात नाही.

सुशांत जर्मनीला गेला तो तिच्याच हट्टानं. तिथल्या एका लहान गावात म्हाताऱ्यांच्या सेवेचं शिक्षण, शिकताना पगार, पुढं पक्की नोकरी. अट एकच, जर्मन भाषेची परीक्षा पास व्हायची. पहिल्या थंडीत तो रोज फोन करायचा, बर्फ दाखवायचा. नंतर फोन कमी झाले. मग तो व्हिडिओ टाळायला लागला, आणि या जानेवारीत एका सोमवारी त्याचा फोन बंद झाला तो लागेचना.

बुधवारपर्यंत ती म्हणत होती, नेटवर्क नसेल. गुरुवारी ती काही म्हणेनाशी झाली. शुक्रवारी सकाळी माझ्या स्वयंपाकघरात येऊन उभी राहिली आणि गॅसवर माझं दूध उतू जात असताना नुसती बघत राहिली. तेव्हा मला खरी भीती वाटली.

"हीटर बिघडला असेल तर, भाभी? बंद खोलीत धूर झाला तर झोपेतच जातो माणूस. किंवा बर्फात पाय घसरला, डोक्याला मार लागला, वरून काही दिसत नाही..."

"गप्प बस," मी म्हटलं. आयसीयूतल्या बाईला मरणाचे फार प्रकार माहीत असतात. ते एकेक करून ती स्वतःच्या मुलाला लावून बघत होती.

जाऊन बघावं तर तिचा इकामा, म्हणजे इथं राहायचा परवाना, नूतनीकरणात अडकलेला, आणि युरोपचा व्हिसा काही भाजी आहे का, गेलो आणि घेऊन आलो? पोलिसांना कळवू म्हटलं तर ती माझा हात धरायची. मुलगा धडधाकट असला आणि उगाच पोलीस दारात गेले, तर त्याचं नाव खराब होईल, त्याला परत पाठवतील, हे तिच्या डोक्यात घट्ट बसलं होतं.

तेवढ्यात मॅरिव्हिक आली. सुधाताईच्याच हॉस्पिटलातली फिलिपिनो नर्स. तिची बहीण इटलीत लोकांच्या घरी काम करते. तिथल्या कॅथलिक चर्चच्या फादरांना त्या बहिणीनं विचारलं होतं. मॅरिव्हिकनं जे सांगितलं ते मी माझ्या भाषेत सांगते. म्हणे युरोपात ठिकठिकाणी कॅथलिक, प्रोटेस्टंट, ऑर्थोडॉक्स अशा चर्चेसनी आता एकमेकांचा हात धरलाय. पूर्वी याच लोकांनी एकमेकांची डोकी फोडली होती. आता मिळून परगावाहून आलेल्यांची विचारपूस करतात, भाषा शिकवतात, थंडीचे कपडे देतात. या गावचा त्या गावच्याला ओळखतो. फादरांनी स्वित्झर्लंडच्या एका पास्टरबाईला फोन केला, तिनं जर्मनीत कुणाला केला, आणि शेवटी सुशांतच्या गावचाच नंबर मिळाला. तिथं तीन चर्चेसनी मिळून नवख्या माणसांसाठी एक खोली चालवली आहे. ती सांभाळणाऱ्या बाईंचं नाव गुद्रुन. शाळेतून निवृत्त झालेल्या.

मला वाटलं, सुटलो. सुधाताईनं लगेच मेसेज केला आणि उत्तरही लगेच आलं. ते वाचून ती मटकन खुर्चीत बसली.

गुद्रुनबाईंनी अदबीनं लिहिलं होतं की आम्ही कुणाचीही माहिती अनोळखी माणसाला देत नाही, आपण त्याच्या कोण?

"तू लिहिलंस तरी काय?" मी फोन ओढून घेतला. इंग्रजीत लिहिलं होतं, माझ्या ओळखीच्या एका व्यक्तीचा परिचित तरुण आपल्या भागात असण्याची शक्यता आहे, त्याची खुशाली कळवल्यास आभारी होईन. खाली नावसुद्धा नाही.

"अगो, आई ना तू त्याची? हा परिचित तरुण कोण? वीज कंपनीला अर्ज लिहितेस का?"

"ओरडू नकोस गं." तिनं फोन माझ्या हातातून परत घेतला. "त्या बाईच्या नावाखाली चर्चचं नाव आहे. मी आई आहे म्हटलं, ख्रिस्ती आहे म्हटलं, की सगळं एका धाग्यात आलं. मी, मॅरिव्हिक, शुक्रवारची सगळी माणसं. माझ्या एकटीचं असतं तर कधीच लिहिलं असतं. पण त्या सगळ्यांना लेकरं आहेत, भाभी."

 तिची भीती खोटी असेल, पण ती स्वतःपुरती नव्हती. मी माझा फोन तिच्यापुढे ठेवला. माझ्या फोनवरून लिही म्हटलं, मला कोण विचारतंय.

इसहाक नेमका त्याच वेळी जुम्म्याची नमाज पढून आला. दोन मिनिटं दारात उभं राहून त्यानं सगळं ऐकलं.

"तुझा फोन म्हणे," तो मला म्हणाला. "सिम कुणाच्या इकाम्यावर हाय? माझ्या. उद्या कफीलानं, ज्याच्या नावावर दुकान हाय त्यानं विचारलं, इसहाकभाई, हे चर्चवाल्यांशी काय चाललंय, तर दुकान खलास. काय सांगू त्याला?"

"सांग, पोर हरवलंय."

"कुणाचं?"

"आपलं," मी म्हटलं. मलाही राग आला होता.

तो आत आला. टोपी काढून घडी घातली, पंखा वाढवला, पाणी प्यायला. मी त्याच्याकडे बघतच होते. आता हा नाही म्हणणार आणि मग घरात जे होईल ते होईल, असं मी मनाशी ठरवूनही टाकलं. मग तो सुधाताईला म्हणाला, "लिहा सिस्टर. आन नीट लिहा. मघासारखं नको."

तिनं लिहिलं, आणि लिहिता लिहिता मोठ्यानं वाचलं. मी सुधा. जेद्दात नर्स आहे. मी ख्रिस्ती आहे. सुशांत माझा एकुलता एक मुलगा आहे. सोमवारपासून त्याचा फोन बंद आहे. मी येऊ शकत नाही. कृपा करून त्याच्या दारावर थाप मारा. हा फोन माझ्या मुसलमान शेजाऱ्यांचा आहे, ते माझ्यासोबत बसले आहेत.

मग आम्ही वाट बघत बसलो. मॅरिव्हिक जपमाळ ओढत होती. माझी भाजी करपली. कुणाचाही फोन वाजला की चौघंही आपापल्या फोनकडे बघायचो.

दुपार कलल्यावर गुद्रुनबाईंचा मेसेज आला. सुशांत भाषेच्या परीक्षेत दुसऱ्यांदा नापास झाला होता. त्यानंतर तो वर्गाला गेला नव्हता, कामावर गेला नव्हता. त्या त्याच्या घरी गेल्या. आत दिवा होता, पावलांचा आवाजही आला, पण दार उघडलं नाही. हाक मारली की आवाज बंद होतो.

"जिवंत आहे," इसहाक म्हणाला.

"आत्ता आहे," सुधाताई म्हणाली. ते तिनं वॉर्डात रिपोर्ट वाचावा तसं शांतपणे म्हटलं.

पुढचा मेसेज म्हणजे एक फोटो होता. अरुंद लाकडी जिना, आणि त्याच्या पायऱ्यांवर तीन माणसं ओव्हरकोट घालून बसलेली. गुद्रुनबाई, त्यांच्या खालच्या पायरीवर एक पोलंडचा कॅथलिक गृहस्थ, आणि त्याच्याही खाली मांडीवर सुपाचं पातेलं घेतलेली रुमानियाची एक ऑर्थोडॉक्स बाई. खाली लिहिलं होतं, आम्ही इथून हलत नाही. पण संध्याकाळपर्यंत दार उघडलं नाही तर पोलिसांना बोलवावंच लागेल. तो आम्हाला ओळखत नाही, त्यानं आमच्यासाठी का उघडावं? तुमचा आवाज रेकॉर्ड करून पाठवा, आम्ही दाराशी लावतो.

सुधाताईनं फोन हातात घेतला, ठेवला, परत घेतला. आणि मग माझ्याकडे न बघता बोलली.

"विमानतळावर मी त्याला काय म्हटलं होतं माहीत आहे? हसतच म्हटलं होतं. म्हटलं, पास झाल्याशिवाय मला तोंड दाखवू नकोस."

आपल्याकडे कोणती आई असं म्हणत नाही? मी स्वतः माझ्या पोरांना महिन्यातून दोनदा म्हणते. ती निर्लज्ज आहेत म्हणून चाललंय. हा पोरगा मात्र आज्ञाधारक निघाला.

"मग आता दुसरं काही म्हण," मी म्हटलं.

तिनं बटण दाबलं आणि बोलली. "सुशांत, बाळा, मम्मी बोलतेय, दार उघड." आवाज तोच, शुक्रवारच्या गाण्याचा. मी ऐकवून दाखवलं.

"हे दारापलीकडे जाईल? तुझ्या पदरापलीकडे गेलं नाही."

तिनं डोळे मिटले. श्वास घेतला. आणि या बाईच्या गळ्यात असा आवाज आहे हे मला सतरा वर्षांत ठाऊक नव्हतं.

"सुशांत! मी चुकीचं बोलले होते! तोंड दाखव मला! नापास झालेलं तोंड दाखव, मला तेच बघायचंय! बाहेर बसलेत ती आपली माणसं आहेत. येशूच्या नावानं सांगते, दार उघड रे राजा!"

वरच्या मजल्यावर कुणीतरी खुर्ची सरकवली. इसहाक खिडकी लावायला उठला, आणि तसाच परत बसला.

मेसेज गेला. खाली दोन खुणा उमटल्या. त्यानंतरचा वेळ कसा गेला ते मला सांगता येणार नाही. सुधाताई फरशीकडे बघत बसली होती, मी तिची पाठ चोळत होते, आणि मनात एकच येत होतं, आता पोलीस, आता ॲम्ब्युलन्स, आता काहीतरी वाईट येणार.

आला तो व्हिडिओ कॉल. आधी नुसती जिन्याची भिंत हलताना दिसली, मग कुणाचा तरी कोट, आणि मग दाराच्या फटीत सुशांत. दाढी वाढलेली, डोळे खोल गेलेले. रुमानियाच्या बाईनं त्याच्या खांद्याला धरलं होतं. कॅमेरा दिसताच त्यानं दोन्ही हातांनी चेहरा झाकला.

"हात काढ," सुधाताई म्हणाली.

"दो बार फेल हुआ, मम्मी." तो हातांमागूनच बोलत होता. "आय कुडन्ट टेल यू."

"हात काढ आधी."

त्यानं हात खाली केले. सुधाताईनं फोन इतका जवळ घेतला की तिच्या श्वासानं काच धुरकटली. ती पदरानं पुसून तिनं त्याला डोक्यापासून हनुवटीपर्यंत बघितलं.

"ओठ सुकलेत त्याचे," ती गुद्रुनबाईंना इंग्रजीत म्हणाली. "आधी पाणी द्या, थोडं थोडं. सूप नंतर." आणि मग त्याला मराठीत म्हणाली, "तिसऱ्यांदाही हो नापास. चौथ्यांदा हो. पण मला दिसत राहा."