फणीकाकू आणि आमचा पेढा

फणीकाकू माणसाच्या तोंडाकडे आधी बघतच नसत. त्यांची नजर थेट डोक्यावर जायची. तुम्ही नमस्काराला वाकलात की आशीर्वादाचा हात डोक्यावर यायचा आणि तिथेच रेंगाळायचा. दोन बोटं केस बाजूला सारायची, कानामागे शिरायची, मानेपर्यंत फिरून यायची. आशीर्वाद पुरा होईतो तपासणीही झालेली असे. "सुखी राहा. आणि आईला सांग, कानामागे लिखा आहेत."

हे त्यांनी घरात सांगितलं असतं तर एक वेळ चाललं असतं. पण काकूंचा आवाज खणखणीत आणि जागा कुठलीही. लिफ्टमध्ये, भाजीच्या ठेल्यापाशी, पाण्याच्या टँकरच्या रांगेत. एकदा माझ्या मैत्रिणीच्या वाढदिवसाला केक कापायच्या आधीच त्यांनी मला खांद्याला धरून बाजूला घेतलं आणि जमलेल्या मुलींना आपल्या खास हिंदीत सांगितलं, "इसके सर में जुएँ है. दो दिन चिपक के मत बैठो, फिर बैठो." मी सहावी-सातवीत असेन. जमीन दुभंगून पोटात घेईल तर बरं, असं मला त्या दिवशी पहिल्यांदा वाटलं.

आमची सोसायटी दिल्लीच्या द्वारका भागातली, नवीकोरी. मेट्रो यायची होती, रस्ते व्हायचे होते, जिन्यात अजून सिमेंटचा वास होता. राहायला आलेले सगळे कुठल्या ना कुठल्या सरकारी क्वार्टरमधून किंवा भाड्याच्या दोन खोल्यांतून आलेले, आणि तसं दिसू नये म्हणून जिवापाड धडपडणारे. नव्या वॉशिंग मशीनचं खोकं महिनोन् महिने बाल्कनीत ठेवत, म्हणजे खालून दिसावं. अशा ठिकाणी उवा हा शब्द उच्चारणं म्हणजे सगळ्यांच्या रंगावर पाणी ओतणं होतं. काकूंना याची जाणीवच नव्हती. त्यांचे यजमान बाबांसारखेच केंद्र सरकारच्या नोकरीत, त्यामुळे आमचा घरोबा होता. आई कळवळून म्हणायची, "अहो काकू, जरा हळू बोला ना." त्यावर त्यांचं उत्तर ठरलेलं असे: "उवा होणं पाप नाही गं बाई. लपवून दुसरीच्या डोक्यात सोडणं पाप."

कमरेला किल्ल्यांच्या जुडग्याशेजारी त्या एक लाकडी फणी खोचत, म्हणून नाव पडलं फणीकाकू. ते पाडणाऱ्यांत अर्थातच आम्ही मुलं होतो. त्यांना ते ठाऊक होतं आणि आवडायचंही. फोन उचलून "हां, फणीकाकू बोलतेय" असं त्या स्वतःच म्हणत.

मग सोसायटीत सशांची साथ आली. कुत्रं पाळायला शेजाऱ्यांची हरकत, मांजर अपशकुनी, तेव्हा मुलांच्या हट्टाला ससा हा सोयीचा तोडगा होता. जुन्या दिल्लीच्या बाजारातून पिंजऱ्यासकट ससा यायचा, सोबत "कुछ नहीं करना पड़ता" अशी दुकानदाराची हमी. मी आणला त्याचा रंग अस्सल खव्याचा होता, म्हणून तो पेढा. काही करावं लागत नाही हे खोटं आहे, असं काकूंनी पहिल्याच दिवशी सांगून टाकलं. त्यांचे वडील साताऱ्याकडे जनावरांच्या दवाखान्यात कंपाउंडर होते, आणि बाईंचं बालपण शेळ्या, कोंबड्या आणि सशांच्या कानात डोकावण्यात गेलेलं.

माणसांच्या डोक्यांवरून त्या सशांवर आल्या. गच्चीच्या सावलीत काळं कापड पसरून बसायच्या, ससा मांडीवर घ्यायच्या आणि फणीने पाठीवरचा कोंडा कापडावर पाडायच्या. मग आम्हाला वाकायला लावायच्या. "बघा, चालतोय का?" कोंडा चालतो याची आम्हाला गंमत वाटायची. खरंच एखादा कण हळूच सरकायचा. तो कोंडा नसून बारीक किडा असायचा. चालला की ससा दवाखान्यात. कानात तपकिरी खपली दिसली तरी दवाखान्यात, आणि ती खपली नखाने काढणाऱ्याच्या हातावर चापटी. सशाला अंघोळ नाही. भटकी कुत्री फिरतात तिथलं गवत नाही. पिंजऱ्याची जमीन कोरडी, आणि पावसाळ्यात रोज शेपटीखाली बघायचं, कारण ओल राहिली की माशी बसते. औषध मात्र त्या स्वतः कधी देत नसत. "औषध डॉक्टरचं, डोळे आपले," म्हणायच्या. मला त्यांची पोरांसमोर लाज वाटायची आणि गच्चीवर त्यांच्या मांडीला मांडी लावून बसल्याशिवाय चैनही पडायचं नाही.

एका हिवाळ्यात पेढ्याला पिसवा झाल्या. काकू गच्चीवर उन्हात त्याला विंचरत होत्या. बाजूला साबणाच्या पाण्याची वाटी, सापडली पिसू की तिच्यात. तेवढ्यात वाळवण घालायला वरच्या मजल्यावरच्या मिसेस खन्ना आल्या, आणखी दोघी-तिघीही होत्या. शेजाऱ्यांची हरकत असूनही खन्नांच्याकडे त्यांच्या भावाने परदेशाहून आणलेलं पामेरियन कुत्रं नि त्याच्या कौतुकाच्या वस्तू असत. त्या हसून म्हणाल्या, "आंटीजी, ये जुओं वाली कंघी अब कौन चलाता है? गाँव थोड़ी है. गर्दन पे एक बूँद डालो, छुट्टी." सगळ्या हसल्या. मीही हसले, कारण सगळ्या हसत होत्या.

काकू काहीतरी तडकाफडकी बोलतील म्हणून मी वाट पाहत होते. पण त्यांचे कान लाल झाले आणि त्यांनी फणी पदराखाली घेतली. जन्मात पहिल्यांदा त्या बाईला कसली तरी लाज वाटलेली मी पाहिली.

तेव्हा आमच्या सोसायटीत एक रीत होती. बाहेरून आलेली वस्तू एकट्याने वापरायची नाही, थोडी थोडी वाटायची. शाम्पूची अर्धी बाटली, चॉकलेटचे तुकडे, डोकेदुखीच्या गोळ्या. घेणाऱ्याने नाही म्हणणं म्हणजे मागासलेपणा. मिसेस खन्ना संध्याकाळी कुत्र्यासाठी आणलेल्या औषधाची उरलेली नळी घेऊन काकूंच्या दारात गेल्या. "खरगोश को चलेगा?" काकूंनी विचारलं. "अरे, सबको चलता है, इम्पोर्टेड है." हे मला नंतर काकूंनीच सांगितलं. आणि हेही सांगितलं, की डॉक्टरांना फोन करावा असं मनात आलं होतं. पण डॉक्टरही हसतील असं वाटलं.

त्यांनी पेढ्याच्या मानेवर तो थेंब घातला. माझ्यासमोर, आमच्याच बाल्कनीत, जरा ऐटीत. "बघ, आता आपणही मॉडर्न," असं म्हणून मला डोळाही मारला.

दुसऱ्या दिवशी पेढ्याने गाजराला तोंड लावलं नाही. दुपारी तो कोपऱ्यात कलंडून पाय झाडायला लागला. काकू, आई आणि मी रिक्षा करून जनावरांच्या डॉक्टरांकडे गेलो. डॉक्टरांनी मानेवरचे चिकट केस चाचपले आणि एकच विचारलं, "कुत्ते वाली दवा किसने डाली?" आईने हळूच काकूंचा पदर ओढला. काकू म्हणाल्या, "मैंने." डॉक्टरांनी मान धुतली, सुई टोचली, सांगितलं की हे कुत्र्याला चालतं आणि सशाच्या जिवावर उठतं, आधी विचारलं असतं तर. ते वाक्य त्यांनी पुरं केलं नाही. पेढा घरी पोचलाच नाही. रिक्षातच काकूंच्या मांडीवर गेला.

आमच्याकडे अशा प्रसंगी काय करायचं ते ठरलेलं होतं. झाकायचं. बाबा म्हणाले, "अहो काकू, ससाच तर होता, थंडीने गेला म्हणू." मिसेस खन्ना घाबऱ्याघुबऱ्या खाली आल्या. "आंटीजी, प्लीज किसी को मत बताना. बीमार था, बोल दो."

काकूंनी चेहऱ्यावर पाणी मारलं आणि ज्या ज्या घरात ससा होता त्या त्या घराची बेल वाजवली. मी जिन्याच्या वळणावर उभी राहून ऐकत होते. एरवीचा खणखणीत आवाज कुठे गेला होता कोण जाणे. "वो कुत्ते वाली बूँद खरगोश को मत डालना. मैंने डाली. मर गया." काही जण चुकचुकले, काहींनी दार लावून घेतलं. एकीने दार लावता लावता म्हटलं, "बड़ी डॉक्टरनी बनती थी." काकूंनी ऐकलं. पायरीवर क्षणभर टेकल्या, मग पुढच्या बेलकडे गेल्या. औषध कुणी दिलं हे सगळ्यांनी विचारलं, ते त्यांनी कुणालाच सांगितलं नाही. "हात मेरा था," एवढंच.

शेवटी त्या आमच्याकडे आल्या. आईने चहा टाकला, बाबांनी पेपर घडी करून ठेवला. काकू खुर्चीवर बसल्याच नाहीत. माझ्यासमोर, एवढ्याशा पोरीसमोर, हात जोडून उभ्या राहिल्या. "चुकले गं बाळा. मला माफ कर."

थोरांनी पोरांची माफी मागायची पद्धत आमच्यात नाही. अशा वेळी पोराने काय बोलायचं हे कुणी शिकवलेलंच नसतं. बाबा एकदम "अहो, काय हे!" म्हणून उठले. आई माझ्याकडे बघत राहिली. मला पेढ्याचं दुःख होतं, पण त्याहून मोठी होती ती लाज. त्यांच्या जोडलेल्या हातांची, बाबांच्या गडबडीची, माझ्याकडून काहीतरी अपेक्षित आहे याची. मी पडद्यामागे गेले आणि काकू जाईपर्यंत तिथेच राहिले. पडद्याला नाक लावून रडले.

त्यानंतर कमरेची फणी दिसेनाशी झाली. आशीर्वादाचा हात डोक्यावर टेकायचा आणि लगेच उचलला जायचा. मला ते फार लागायचं. मुद्दाम केस न बांधता मी त्यांच्यासमोर वाकायचे, पण बोटं काही हलायची नाहीत. बाकी सोसायटीला सुटल्यासारखं झालं होतं.

पुढच्या पावसाळ्यात मिसेस खन्नांच्या घरातून वास येऊ लागला. त्यांच्या मुलानेही एव्हाना ससा आणला होता, आणि पातळ शीने मागून ओला राहिलेल्या त्या सशाच्या अंगात माशीच्या अळ्या पडल्या होत्या. हे कुणाला सांगणार? "तुझमें कीड़े पड़ें" ही तिकडे शिवी आहे, आपल्याकडेही आहेच. ज्या घरात खरोखर किडे पडले त्या घराने तोंड कुठे दाखवायचं? मिसेस खन्नांनी खिडक्या बंद करून उदबत्त्या लावल्या. शेवटी ससा निपचित पडल्यावर टॉवेलात गुंडाळून त्या काकूंच्या दारात आल्या आणि ढसाढसा रडल्या.

काकूंनी आधी हात मागे घेतले. मी तिथेच होते, आईने दिलेलं वाटण पोचवायला गेले होते. त्या म्हणाल्या, "मेरे हाथ से एक मर चुका है. आपको मालूम है. फिर भी देना है?" मालूम तर त्यांना असणारच होतं! पण काकूंच्या आवाजात टोमणा नव्हता, खरोखरच विचारत होत्या. मिसेस खन्नांनी खाली मान घालून टॉवेल पुढे केला. मग काकूंनी सगळ्यात आधी डॉक्टरांना फोन लावला, त्यांनी सांगितलं तेवढंच केलं. चिमट्याने एकेक अळी काढत रिक्षातून दवाखान्यात नेलं. ससा वाचला. त्या घराचं नाव पुन्हा त्यांनी कुठे घेतलं नाही.

काका निवृत्त झाले आणि दोघं साताऱ्याला गेली. माझं शिक्षण झालं, गुडगावच्या एका कंपनीत नोकरी लागली. दिवाळीला फोन व्हायचा, पेढ्याचा विषय कधीच निघायचा नाही. एकदा ऑफिसच्या कामाने पुण्यात आले होते, तशीच पुढे साताऱ्याला गेले. काकू थकल्या होत्या. पोह्यांची बशी माझ्या हातात देऊन शेजारी बसल्या, पण इकडचं तिकडचं बोलत राहिल्या.

तेवढ्यात एक तरुण जोडपं टोपलीत ससा घेऊन आलं. तो सारखं डोकं झटकत होता, पायाने कान खाजवत होता. काकूंबद्दल त्यांना कुणीतरी सांगितलं होतं. काकूंनी टोपलीला हात लावला नाही. मांडीवर हात ठेवून, सरळ बसून म्हणाल्या, "आधी माझं ऐका. माझ्या हातून एक ससा मेलाय. न विचारता कुत्र्याचं औषध घातलं मी. एका लहान मुलीचा होता. आता दाखवायचा की परत न्यायचा, तुम्ही ठरवा."

तरुणीने टोपली छातीशी धरली आणि नवऱ्याकडे पाहिलं. नवरा दाराकडे बघायला लागला. आतून काका थकल्या आवाजात मला म्हणाले, "प्रत्येकाला सांगते ही. निम्मे उठून जातात."

काकूंचे कान लाल झाले होते. इतकी वर्षं, दर वेळी, नव्याने. आणि ती लहान मुलगी इथेच बसली आहे हे त्यांनी त्या दोघांना सांगितलं नव्हतं.

मी बशी खाली ठेवली. "तो ससा माझा होता," मी म्हणाले. "तुमचा द्या. काकूंच्याच हातात द्या."

काकूंनी माझ्याकडे पाहिलं नाही. त्यांनी पदराला हात पुसले आणि पुढे केले.