वैभव जर्मनीला जाईपर्यंत

आमच्या दुकानात कपड्यांपेक्षा गोष्टी जास्त साचतात. कपडे निदान कधी ना कधी गिऱ्हाईक घेऊन जातं, गोष्टी इथेच राहतात. ट्रायलला आलेला माणूस हात पसरून उभा असतो, त्याला दुसरं काही करता येत नाही, मग तो बोलतो. पण मागच्या वर्षी एकट्या वैभवमुळे जेवढे किस्से जमले, तेवढे सगळ्या गिऱ्हाइकांनी मिळून दिले नसतील. आणि त्यातल्या प्रत्येक किश्श्यात मी कुठेतरी कोपऱ्यात जळत बसलेलो आहे, हे आधीच सांगून टाकतो.

दुकान अमरावतीत, राजापेठेत. वर ट्यूशन क्लास, खाली आम्ही. बाबा कटिंगच्या टेबलाशी, मी मशीनवर. वैभव मागच्या गल्लीतला. नववीपर्यंत आम्ही एका बाकावर बसायचो. मग तो दहावीत गेला आणि मी मशीनवर आलो. पुढे तो इंजिनीअर झाला, आणि मागच्या वर्षी त्याला जर्मनीत शिकायला ॲडमिशन मिळाली.

माझे बाबा कमी बोलणारे. माझं काम बरं झालं की "हं" म्हणतात, बिघडलं की काही न बोलता उसवून पुढ्यात ठेवतात. इतक्या वर्षांत त्यापलीकडे काही ऐकलं नाही. चार लोकांत त्यांनी एकदा तरी "हा माझा पोट्टा" असं म्हणावं, एवढीच माझी इच्छा. जास्त नाही ना? पण मधे वैभव आला.

*

ॲडमिशनची बातमी आली त्या दिवशी दुकानात शाळेचे एक सर पँटची उंची कमी करायला आले होते. बाबा एरवी गिऱ्हाइकाशी उंची आणि तारीख सोडून बोलत नाहीत. त्या दिवशी टेप गळ्यात टाकून म्हणाले, "आपला पोट्टा जर्मनीले चालला, सर."

सर आनंदानं वळले आणि त्यांनी माझाच हात धरला. "वा! काय शिकणार तिकडं?"

माझ्या दातांत दोरा होता. मी तसाच उभा राहिलो. हात सोडवून घ्यावा की थोडा वेळ राहू द्यावा, तेही कळेना.

बाबा म्हणाले, "हा नाही. हा येथीच आहे."

*

मग घड्याळ आलं. दुकानात एक घड्याळ आधीपासून आहे. बाबांनी दुसरं आणून त्याच्या शेजारी टांगलं आणि वैभवला विचारलं, "तिकडं किती वाजले असतीन रे आता?"

"साडेतीन तास मागं आहे, काका."

बाबांनी स्टुलावर चढून काटे मागे फिरवले. वैभव जायला अजून चार-पाच महिने होते, पण आमच्या दुकानात जर्मनीची वेळ सुरू झाली.

याचा पहिला फायदा बाबांनाच झाला. एक बाई ब्लाउज न्यायला आल्या. बाबांनी पाचचा वायदा केला होता आणि बाह्या अजून माझ्या हातात होत्या. बाई म्हणाल्या, "भाऊ, पाच वाजले ना." बाबांनी शांतपणे दुसऱ्या घड्याळाकडे बोट केलं. "कुठी वाजले? दीडच तर झाला."

बाईंनी एकदा घड्याळाकडे पाहिलं, एकदा बाबांकडे, आणि त्या चक्क बसून राहिल्या.

पण मला लागलं ते वेगळंच. एकदा सकाळी अकराच्या सुमाराला वैभव दुकानात स्टुलावर बसून कचोरी खात होता. बाबा कापडावर खडू चालवत होते. मधेच त्यांनी मान वर केली, जर्मनीच्या घड्याळाकडे पाहिलं आणि मायेनं म्हणाले, "साडेसात. आता तिकडं वैभव उठत असन."

वैभव कचोरी चावता चावता थांबला. मी मात्र त्या दिवशी पहाटेच उठून शेरवानीचे काज करत बसलो होतो, ते कोणत्याच घड्याळात दिसलं नाही.

*

तिकडे हातानं करून खावं लागतं, म्हणून वैभव माझ्या आईकडे स्वयंपाक शिकायला येऊ लागला. त्याची आई नोकरी करते, तिला वेळ नसतो. मी स्वयंपाकघरात पाऊल ठेवलं की आई म्हणते, "काय पायजे ते सांग अन् बाहेर हो." वैभवला तिनं पाट दिला. पोळपाट-लाटण्याचा नवा जोडही काढून दिला.

त्याची पहिली पोळी एका बाजूनं जळाली आणि दुसऱ्या बाजूनं कच्ची राहिली. आई म्हणाली, "पहिल्यांदा तं लई चांगली जमली." दुसरीला भोक पडलं. आई म्हणाली, "वाफ निघून जाते त्यानं." ती भोकाची पोळी माझ्या ताटात आली.

एका संध्याकाळी त्यानं पिठलं केलं. मिठाचा अंदाज पार चुकला होता. पहिला घास घेतला आणि माझे डोळे भरून आले. आमच्या घरी भाजीत मीठ चिमूटभर जास्त झालं तरी बाबा ताट सरकवतात. मी बाबांच्या ताटाकडे पाहत बसलो. आज तरी त्याला "हं" सुद्धा मिळणार नाही.

बाबांनी पिठलं पोळीला लावलं, खाल्लं, पुन्हा मागून घेतलं. मग तांब्याभर पाणी एका दमात प्यायले, मिशा पुसल्या आणि माझ्याकडे वळून म्हणाले, "तुले येते काय करता?"

*

आमच्याकडे लग्नाआधी नवरदेवाला नातेवाईक घरोघरी जेवायला बोलावतात. त्याला गडगनेर म्हणतात. वैभवच्या नातेवाइकांनी जर्मनीलाही तोच नियम लावला. लग्न नाही तर नाही, पोरगा घरातून जातोय ना, मग गडगनेर झालंच पाहिजे.

वैभवनं त्याची गाडी विकून टाकली होती, म्हणून बाबांनी मला सांगितलं, "तू ने त्याले." अशा रीतीनं मी बिनालग्नाच्या नवरदेवाचा ड्रायव्हर झालो. त्याला खुर्ची, मला चटई. त्याला टिळा, टॉवेल, टोपी आणि नारळ; मी तो नारळ धरून उभा. फोटो काढताना कोणीतरी म्हणायचं, "भाऊ, तुमी जरा बाजूले होता काय?"

एका रविवारी अकोल्याला त्याच्या मामाकडे गेलो. मे महिना. मूर्तिजापूर सोडल्यावर रस्त्यावर फक्त आम्ही आणि ऊन. वैभव मागे बसून दुपट्ट्यातून म्हणत होता, "गज्या, तिकडं बरफ पडते बे." मी म्हटलं, "मंग उतर इथंच अन् वाट पाय."

मामींनी चार घरचं एका ताटात वाढलं. आमरस, कुरडया, वड्याचं सांबार. वैभव आधीच्या दोन दिवसांत पाच ठिकाणी जेवलेला होता. त्यानं मला खालून पाय मारला. मामींचं लक्ष नसताना त्याच्या वाटीतला रस मी संपवायचा, असं आमचं ठरलेलं होतं. तेवढं काम मी मनापासून केलं.

हात धुताना मामींनी मला पहिल्यांदा नीट पाहिलं. बिचाऱ्या चांगल्या मनानं म्हणाल्या, "अन् तुमी कोणत्या देशात चालले, भाऊ?"

मी म्हणालो, "राजापेठेत."

*

बाबांचं पुढचं फर्मान निघालं, "याले बटन लावणं शिकव. तिकडं कोण लावून देईन?"

मला आतून फार बरं वाटलं. इतके महिने सगळ्या गोष्टी त्यालाच येत होत्या. सुई मात्र माझी. मी ऐटीत त्याला समोर बसवलं, दोरा ओवायला दिला. दहा मिनिटं ओवता आला नाही. मी मुद्दाम मदत केली नाही. मग त्यानं बोटात सुई टोचून घेतली, रक्ताचा थेंब पांढऱ्या शर्टावर पडला. मी खुशीत बाबांकडे पाहिलं.

बाबा म्हणाले, "तुले नीट शिकवता नाही येत."

तासाभरानं वैभवनं एक बटन लावलं. वाकडं होतं, पण होतं. बाबांनी तो शर्ट दुकानाच्या पुढच्या हँगरवर टांगला. येईल त्या गिऱ्हाइकाला दाखवायचे, "इंजिनीअरनं लावलं." शेजारी मी शिवलेले चार सूट टांगलेले होते.

*

पावसाळा लागला तरी व्हिसा येईना. वैभवची भूक गेली. त्याची आई उपास करू लागली, माझी आईही करू लागली. बाबा जर्मनीच्या घड्याळाकडे असे पाहायचे, की जणू तेच अडवून बसलंय. शेवटी एका शुक्रवारी आई मला देवीच्या देवळात घेऊन गेली. मी डोळे मिटून बराच वेळ हात जोडले.

बाहेर आल्यावर आईनं विचारलं, "काय मागितलं रे?"

"वैभवचंच," मी म्हणालो.

आई म्हणाली, "किती चांगल्या मनाचा आहे माया गजू."

पुढच्या आठवड्यात व्हिसा आला. देवीनं आईचं ऐकलं.

*

आता शेवटचा किस्सा. जायला पंधरा दिवस राहिले तेव्हा बाबांनी जाहीर केलं की वैभवचा ओव्हरकोट ते शिवणार. एकट्यानं. आमच्या दुकानानं आजवर ओव्हरकोट शिवलेला नाही. अमरावतीत कोणाला लागतो? बाबांनी गडद राखाडी लोकरी कापड आणलं. इतकं सुंदर कापड आमच्या टेबलावर कधी पडलं नव्हतं. मी हात लावायला गेलो तर म्हणाले, "घामाचे हात आहेत तुये."

वैभव निरोप घ्यायला अकोल्याला मामाकडे गेला होता, आठवडाभर येणार नव्हता. मी विचारलं, "बाबा, नाप?"

"नाप कायले पायजे? डोयासमोर वाढला पोट्टा."

त्यांनी टेप काढून खुंटीला लावला आणि कापडावर खडू चालवायला सुरुवात केली. मी मशीनवरून पाहत होतो. लग्नाचे दिवस नव्हते, कामं आधीच कमी, तरी त्यांनी नवीन कामं घेणं बंद केलं. दुपारचं जेवण टेबलाशीच करायचे. रात्री कोट चादरीत गुंडाळून घरी न्यायचे आणि सकाळी परत आणायचे, तान्ह्या पोरासारखा. कॉलर तीनदा उसवली, आणि तिन्ही वेळा स्वतःची. माझ्यासाठी त्यांनी शेवटचं काय शिवलं होतं, ते मी आठवायचा प्रयत्न केला. शाळेची खाकी चड्डी आठवली.

वैभव आला. आम्ही पंखा त्याच्याकडे फिरवला आणि बाबांनी मागून कोट धरला. वैभवनं हात घातले.

बाह्या मनगटाच्या वरच संपल्या. छातीवर कोट ढगळ, आणि उजव्या खांद्यावर मोठी चुणी पडली होती. खांदा खाली उतरता कापलेला होता. वैभव उंच आणि किडकिडीत, दोन्ही खांदे सरळ पट्टीसारखे. बाबांनी चुणी हातानं सारखी केली, ती पुन्हा पडली. त्यांनी दोनदा कोटाला प्रदक्षिणा घातली. इतक्या वर्षांत त्यांचं कटिंग चुकलेलं मी पहिल्यांदाच पाहत होतो. मला आनंद व्हायला हवा होता.

"काढ," ते वैभवला म्हणाले. मग माझ्याकडे न पाहता, "तू घाल. कुठी चुकलं ते पाहू दे."

मी उठलो, शर्टाला हात पुसले आणि कोट घातला. बाह्या मनगटावर येऊन थांबल्या. छातीवर बसला. मशीनवर वाकून वाकून माझा उजवा खांदा डाव्यापेक्षा बोटभर खाली आला आहे. रेडीमेड शर्ट त्या बाजूनं नेहमी लोंबतो. कोट त्या खांद्यावर असा बसला होता की एक चुणी नाही.

वैभव मागे सरकून पाहत राहिला. "काका, हा तर गजूच्या नापाचा झाला."

बाबांनी माझी कॉलर सारखी केली. मग तळहात उजव्या खांद्यावरून हळूच खाली नेला, आणि परत एकदा. मला आत घामाच्या धारा लागल्या होत्या, पण मी हललो नाही.

"मंग मी काय घालून जाऊ?" वैभवनं विचारलं.

बाबांनी खडू घेतला, माझ्या पोटाजवळ बटनाची एक खूण केली, तिच्याखाली दुसरी केली, आणि म्हणाले, "तिकडं रेडीमेड भेटते म्हणते."