राखेची पुरचुंडी

भोर संस्थान होतं तेव्हाच्या एका हिवाळ्यात, नसरापूरला मोटारीची वाट पाहताना रस्त्याकडेच्या परसात एक म्हातारी मला रोज दिसे. तिच्या पावट्यावर मावा पडला होता. ते काळे किडे शेंड्यांतला रस शोषत आणि वेल वाळत. पानांवर दव असेपर्यंत ती फडक्याच्या पुरचुंडीतून चुलीची राख झाडी. कोरड्या पानावर राख टिकत नसे.

"आत्याबाई, येलांना किती दिस पावडर लावाल?" शेजारीण बांधावरून म्हणाली. "उपटा आता. बाजारात गावतो की पावटा."

"ह्यो माज्या आईच्या घरचा. बाजारात न्हाई गावत. बियापुरत्या शेंगा धरू दे."

"आन् न्हाई धरल्या तर?"

"चूल पेटतीया तवर राख हाय."

नसरापुरातल्या माझ्या शेवटच्या सकाळी एकच वेल हिरवा उरला होता. शेजारीण आपल्या चुलीची राख सुपात घेऊन बांध ओलांडत होती.