कांद्याच्या पोटातला आलेख

शुभांगी खैरनारला भेटायचं तर गंगापूर रोडवरच्या तिच्या कॉलेजात नाकाला रुमाल लावूनच जावं लागतं. भौतिकशास्त्राच्या प्रयोगशाळेत हल्ली कांद्याचा वास कोंडलाय, आणि तो तिनेच कोंडलाय. बाई तिथे प्रयोगशाळा सहायक. बोलायला फटकळ, कामाला चिवट. कांदा न कापता तो आतून सडलाय का, हे प्रकाशाने ओळखायचं, हा एकच ध्यास. कांदाचाळीत साठवलेला एक कांदा सडला की शेजारच्यांनाही घेऊन जातो, हे तिने लहानपणापासून पाहिलेलं.

कृती ऐकायला सोपी. कांद्याच्या एका बाजूला दिवा, दुसऱ्या बाजूला स्पेक्ट्रोमीटर. आरपार आलेल्या प्रकाशात कोणता रंग किती उरला, याचा आलेख संगणकावर उमटतो. पण उमटतो कसला! पोराने रागाने पेन्सिल गिरगटावी तसा. मग शुभांगी त्याला वळणावर आणते. प्रत्येक बिंदूची शेजारच्या बिंदूंशी सरासरी काढली की थरथर निवते. जिथे नोंदच नाही तिथे आजूबाजूच्या बिंदूंवरून अंदाज बांधून रेघ जोडायची. सडक्या कांद्याच्या रेघेत एका ठरावीक जागी खळगी पडायला हवी. फार गुळगुळीत केलं तर ती बुजते, कमी केलं तर नुसती थरथरच खळगीसारखी दिसते. सगळी मेख तिथेच.

यंत्र पुण्याहून उसनं आणलेलं, सोमवारी परत जायचं. तोवर विभागप्रमुखांना चांगल्या-सडक्यातला फरक दाखवला तर हंगामभर मिळणार, नाहीतर काम गुंडाळायचं. शुभांगीने लासलगावजवळ राहणाऱ्या गोजराबाई मावशीला फोन केला, "मावशी, चांगले-वाईट मिसळून गोणीभर पाठव."

गोणी आली. आणि सगळ्या कांद्यांचे आलेख अगदी एकसारखे! खळगीचा पत्ता नाही.

शुभांगीने स्वतःलाच धारेवर धरलं. आपणच रेघ घासून घासून खळगी बुजवली, दुसरं काय! तिने सरासरीत कमी बिंदू घेतले, जोडणीची रीत बदलली. जीव रडकुंडीला आला. शेजारच्या टेबलावर काम करणारा प्रफुल्ल डोकावून म्हणाला, "अहो मॅडम, अजून कमी करा ना. हे बघा, आली की खळगी! हाच दाखवा सरांना. कोण कापून बघतंय?"

मोह झाला तिला, खोटं कशाला बोला. पण तिने सुरी घेतली आणि तोच कांदा उभा चिरला. आत कसा ठणठणीत! दुसरा चिरला, तिसरा चिरला. गोणी संपत आली तरी सडका म्हणून एक निघेना. तिने तडक मावशीला फोन लावला.

"मावशी, वाईट कांदे कुठेत?"

"ते काढले ना मी! कॉलेजातल्या साहेबलोकांपुढं माझ्या घरचा सडका माल ठिवू व्हय? लोक काय म्हणतील?"

"अगं बाई, मला तेच हवे होते!"

"शुभे, काही लाज हाय का नाय तुला?"

शुभांगी मटकन स्टुलावर बसली आणि पोट धरून हसली. म्हणजे रेघ खोटं बोलत नव्हती! किती दिवसांनी तिला असं मोकळं वाटलं.

रविवारी मावशी स्वतःच दुसरी गोणी घेऊन आली, चेहरा असा की जणू चारचौघांत पदर फाटलाय. विभागप्रमुखही मुद्दाम आले. शुभांगीने पहिलीच, बेताची सरासरी ठेवली. मऊ पडलेल्या कांद्यांच्या रेघा एकामागून एक खचत गेल्या. मग मावशीने एक घट्ट कांदा दाबून बघितला आणि पुढे केला. "ह्यो चांगला हाय."

रेघ तिथेही खचली. शुभांगीने कांदा हातात घेतला. सुरी चालवली, तर मधला गाभा तपकिरी, पाणी सुटलेला.

सरांनी तिथूनच पुण्याला फोन लावला. "यंत्र हंगामभर इथेच राहू द्या," म्हणाले.

मावशी मात्र हातातल्या फोडीकडे बघत राहिली. मग पदर खोचून म्हणाली, "शुभे, उद्या हे यंत्र घेऊन चाळीवर चल. सडके निघाले तर निघू दे. समद्या गावापुढं काढू."